पालीवरचा आळ

माझ्या बायकोला पालीनं मारलं असं आमच्या गावात अजून म्हणतात. ते खोटं आहे. विजयमाला पटकीनं गेली आणि पटकी विहिरीच्या पाण्यातून आली. बहात्तरचा पाऊस पडलाच नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात गावविहिरीच्या तळाशी जो गढूळ रेंदा उरला होता, तो बाया वाटीनं खरवडून घागरीत भरायच्या. त्या पाण्यानं वरच्या आळीत घरोघर उलट्या-जुलाब लागले.

माझी पिठाची गिरणी आहे. तिसगावच्या रस्त्याला, घराला लागूनच. विजयमालाला उलट्या सुरू झाल्या त्या दिवशी मी गावात नव्हतो. इंजिनात डिझेल सोडणारा नोझल गेला होता, तो घेऊन नगरला गेलो होतो. आज देतो, उद्या देतो करत तिथल्या माणसानं मला मुक्काम करायला लावला. दुसऱ्या दिवशी यष्टीतून उतरून घरी आलो तर विजयमाला ओसरीवर पडलेली. डोळे आत गेलेले. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. उशाशी माझी थोरली बहीण बायडाबाई, आमची आक्का, तांब्या घेऊन बसली होती. तांब्यात मीठपाणी होतं. मूठभर मीठ घातलेलं.

"पालीचं इख हाय," आक्का म्हणाली. "आमटीच्या पातेल्यापशी शेपूट घावलं. कालपासून वकून वकून काढायला लावलंय. आता उतरंल."

मी गाडी जुंपायला धावलो. गाडी दारात आली तोवर ती गेली होती.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी सरकारी दवाखान्याची जीप आली. वरच्या आळीत ज्यांना ज्यांना उलट्या होत होत्या त्यांना सलाईन लावलं. माझ्या दोस्ताची, रंगनाथची म्हातारी आई, हाडांचा सापळा नुसता, ती सलाईन लावल्यावर दोन दिवसांत उठून बसली. तिच्या घरात पालीचं शेपूट सापडलं नव्हतं, म्हणून ती वाचली.

विजयमालाला पोचवून आम्ही माघारी आलो तेव्हा आक्कानं केरसुणी घेतली आणि कॅलेंडरामागची मोठी पाल भिंतीवरच झोडपली. पाल खाली पडली. तिला शेपूट नव्हतं. मी आक्काला म्हणालो, "बघ की. ही आमटीत पडलीच नव्हती. शेपूट टाकून भिंतीवर जाऊन बसली हुती."

"शेपटातच इख असतंय," आक्का म्हणाली आणि पाल सुपलीत भरून उकिरड्यावर टाकून आली.

आक्कानं मला वाढवलं आहे. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. आक्का विधवा होऊन माहेरी आली ती माझ्यासाठीच राहिली. तिला काय बोलणार? पण त्या दिवसापासून ती समोर आली की मी मान वळवायचो. गिरणीत इंजिनाचा आवाज असतो, तिथं माणसाला बोलावं लागत नाही, म्हणून मी गिरणीतच राहायला लागलो.

विजयमालाला त्या मोठ्या पालीचं भारी कौतुक होतं. आम्हाला लेकरू नव्हतं. संध्याकाळी कंदील लावला की पाल कॅलेंडरामागून बाहेर यायची आणि ही भाकऱ्या थापता थापता तिच्याकडं बघत राहायची. आमचं भांडण चालू असताना पाल चुकचुकली की म्हणायची, "बघा, साक्षीदारीण बोलली. आता तुमी गप ऱ्हावा." आक्का जमिनीवर बोट आपटून "किसन किसन" करायची आणि म्हणायची, "लोकं लेकरं वाढवत्यात, ही बया पाली वाढवती." विजयमाला त्यावर हसायची. मला मात्र ते बोलणं टोचायचं. ती जायच्या थोडे दिवस आधी तिनं मला गिरणीतल्या कोनाड्यात जुन्या डब्याच्या मागं दोन अंडी दाखवली होती. वाटाण्याएवढी, पांढरी, एकमेकांना चिकटलेली. "हात नका लावू. सालपट लई पातळ असतंय," म्हणाली.

मी ते विसरून गेलो होतो. मृग तोंडावर आला आणि मी तो डबा हलवला तेव्हा आठवलं. एक अंडं आतल्या आत वाळून गेलं होतं. दुसरं फुटलं होतं आणि कोनाड्याच्या खाली, भिंतीच्या बुडाशी, पिठात पिल्लू पडलं होतं.

आधी मला ते मेलेलंच वाटलं. काडीसारखं अंग, पोट पाठीला लागलेलं. कात टाकायला निघालं होतं, पण उन्हाळ्याच्या झळांनी कात अर्धीच सुटली आणि अंगावरच वाळली. दोन्ही पुढच्या पायांच्या बोटांना पांढऱ्या कागदासारखी गुंडाळी झाली होती. एका डोळ्यावर पापुद्रा होता. पालीचं सगळं बळ बोटांत असतं, बोटं भिंतीला धरली नाहीत तर ती पाल कसली? मी बोटानं हलवलं तर त्यानं तोंड उघडलं. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं डोकं, आणि तोंड उघडून माझ्या अंगावर येत होतं.

मला एकदम संताप आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. ह्याच्या आईला केरसुणीनं मारलं, आता हे इथं पिठात वाळून मरणार, आणि उद्या कुणी पायानं सरकवताना म्हणणार, बरं झालं, इखारी होतं. मी म्हणालो, मरायचं नाही. हे मरायचं नाही.

विजयमालाची चहापत्तीची काचेची बरणी होती. ती धुतली, तळाशी ओलं फडकं घातलं, तोंडावर जाळीचं कापड बांधलं आणि पिल्लू आत ठेवलं. ओलाव्यानं कात सुटेल असं मला वाटलं. दुपारी इंजिन बंद झालं की बशीत कोमट पाणी घ्यायचं, पिल्लू त्यात ठेवायचं, पाणी नाकाखाली राहील इतकंच. मग कोंबडीच्या पिसाच्या टोकानं बोटावरची कात भिजवून भिजवून सोडवायची. माझी बोटं जात्याच्या दगडांना टाकी लावायची, पान्यानं नट आवळायची. त्या बोटांनी खसखशीएवढी बोटं सोडवायची म्हणजे घाम फुटायचा. एकदा जोर जास्त लागला आणि एका बोटाचं टोक कातीबरोबर आलं. पिल्लू आवाज करत नाही. मीच ओरडलो.

खायला ते बघत नव्हतं. नाकावर पाण्याचा थेंब सोडला की बारीक गुलाबी जीभ बाहेर यायची आणि थेंब चाटून घ्यायची. तेवढाच जिवंतपणा. रेशनला तेव्हा तांबडा मिलो यायचा, अमेरिकेची हलकी ज्वारी. त्यात जाळ्या, अळ्या, बारके पतंग. बाया नाक मुरडून तो निवडायच्या आणि किडे माझ्या दारात झटकायच्या. मी त्यातले मऊ मऊ किडे वेचून बरणीत सोडायचो. ते पिल्लाच्या अंगावरून चालत जायचे आणि ते आंधळ्या डोळ्यानं पडून राहायचं.

रंगनाथ तेव्हा जनावरांच्या छावणीवर चारा वाटपाला होता. गुरांचा कंपाउंडर त्याच्या ओळखीचा. मी रंगनाथला म्हणालो, "त्याला विचार, कात अडकली तर काय करत्यात?"

"कुनाची? बैलाची?"

"पालीची."

रंगनाथनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. "गहिन्या, छावणीत दाखल कर की तिला. दावं बांधू, नंबर टोचू. रोजची पेंड चालू व्हईल."

"हसायचं आसंल तर भायेर जाऊन हस."

तो हसला नाही मग. बरणी उचलून उजेडाला धरली आणि बराच वेळ बघत बसला. "डोळ्यावर तुपाचं बोट लाव," म्हणाला. "म्हशीच्या रेडकाच्या पापण्या चिकटल्या का आमी तूप लावतो. लागू पडंल न पडंल." जाताना दारात थांबला. "म्हातारीला घेऊन येऊ का एकदा? तुझ्यासमोर यायला लाजती ती. म्हनती, गहिनीची गेली आन् मी ऱ्हायले."

"तिनं कशाला लाजावं?" मी म्हणालो. माझा आवाज वाईट चढला. "तिला म्हनावं लाज वाटायची ती दुसऱ्यांना वाटू दे."

घरात तूप नव्हतं. गोडं तेल लावलं. दोन दिवसांनी डोळ्यावरचा पापुद्रा पिसाला चिकटून अख्खा आला. खाली काळाभोर डोळा होता. पिल्लानं मान फिरवली, बरणीच्या काचेवर चालणारा पतंग बघितला आणि मटकावला. मी एकटाच गिरणीत "शाबास" म्हणून ओरडलो.

आक्काला हे सगळं दिसत होतं. पहिले काही दिवस ती बोलली नाही. मग एकदा मी बशीत पाणी घेतलं तेव्हा ती घागरीवर हात ठेवूनच उभी राहिली.

"टँकरपुढं उन्हात रांग लावून म्या हे पानी आनलंय. मानसाला प्यायला न्हाई आन् तू पालीला आंघुळ घालतू?"

"माझ्या वाट्यातलं घेतो. मी कमी पितो."

"कमी पी! मर! ज्या जातीनं तुझं घर बुडवलं ती जात बरनीत घालून पूजतो. लोकं काय म्हनत्यात ठावं हाय का?"

"काय म्हनत्यात?"

"म्हनत्यात, बायकू गेल्यापासून गहिनीचं डोस्कं सरकलंय."

"आन् तू काय म्हनती?"

ती पदरानं तोंड पुसून आत गेली. मी बशी भरून घेतली.

गिरणीतही बोभाटा झाला. आमच्या गावची लंकाबाई दळणाला आली की दळण होईपर्यंत सगळ्या गावाचं दळण तोंडानं करते. तिनं बरणी बघितली आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

"गहिनीनाथ, ही हितं आसंल तर मी न्हाई बाबा दळायची. पिठात मुतली तर घरादारानं काय करायचं?"

"लंकाबाई, पाली तुझ्या घराच्या वळचणीला बी हायेत."

"हायेत पर आमी न्हाई त्यांचं बारसं करत. एकदा हात पोळलाय न्हवं तुझा? एवढी सोन्यासारखी बायकू—"

"तिचं नाव काढू नको."

"बरं बाई." ती बाकीच्या बायांकडं वळली. "खरं बोललं का लागतंय."

मी मिलो पेटीत ओतला आणि इंजिनाचं हँडल मारलं. तिचं पुढचं बोलणं आवाजात बुडालं. पण तिचं तोंड हलत होतं आणि बायांच्या माना डोलत होत्या. सगळ्यांना सोपं झालं होतं. विहिरीत कुणी औषध टाकलं नाही, टँकर वेळेवर आला नाही, जीप एक दिवस उशिरा आली. ह्यातलं काही कुणाला बोलायचं नव्हतं. पाल हातातली होती. पाल उलटून बोलत नाही.

मृग कोरडाच चालला होता. पिल्लाची बोटं मोकळी झाली. एक बोट गेलं ते गेलं. पोटाला गोलाई आली, कातडीतून आतलं काळं दिसायला लागलं, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत होतं. तरी बरणीच्या काचेवर ते चढायचं नाही. चढायला जायचं आणि घसरायचं. मला वाटलं, काच गुळगुळीत असते, भिंत वेगळी.

म्हणून एका दुपारी जेवायला बसताना मी बरणी घरात आणली. आक्कानं ताट वाढलं. मिलोची भाकरी आणि वाटीत हुलग्याची आमटी. ती आत चुलीकडं गेली तसं मी पिल्लू तळहातावर घेतलं आणि माझ्या बाजूच्या भिंतीला टेकवलं. ते थोडा वेळ तसंच राहिलं. मग एक पाय पुढं टाकला. बोट धरलं गेलं. दुसरा पाय टाकला. वीतभर चढलं. मग थांबून इकडंतिकडं बघितलं आणि सरळ वर, माझ्या डोक्याच्या उंचीपर्यंत सरसर गेलं. मी घास हातात धरून बघत होतो. किती महिन्यांनी माझ्या तोंडावर हसू आलं असेल.

मागून भिंतीवर केरसुणीचा फटका बसला. आक्का कधी आली ते मला कळलंच नाही. पिल्लू भिंतीवरून निसटलं, खाली पडलं आणि पोत्यांमागं पळालं. त्याचं शेपूट तुटून माझ्या आमटीच्या वाटीत पडलं. आमटीत ते वळवळत होतं.

"टाक!" आक्का किंचाळली. "वाटी टाक! ताट समदं टाक!"

मी वाटीकडं बघितलं. शेपूट उड्या मारत होतं. मग आक्काकडं बघितलं. मी विचार केला असं नाही. वाटी उचलली, तोंडाला लावली आणि शेपटासकट सगळी आमटी पिऊन टाकली.

आक्काच्या हातातली केरसुणी पडली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी कधी ऐकला नव्हता, गाईच्या पोटात वासरू आडवं आलं की गाय करते तसा. ती चुलीकडं पळाली. मिठाचं मडकं आडवं झालं. तांब्यात पाणी, पाण्यात मीठ, मुठीनं, मोजणं नाही. धावत आली, माझ्या मानेखाली हात घातला आणि तांब्या दातांवर आपटला.

"पी, गहिनी. पी, माझ्या राजा. समदं वकून टाक. तोंड उघड! माझ्या भावा, तोंड उघड रं!"

मी लहान असताना ती मला औषध पाजायची तेव्हा असाच हात मानेखाली घालायची. तो हात मला ओळखू आला. आणि त्याच हातानं तिनं विजयमालाला धरलं असणार, ह्याच मायेनं, हे मला कळलं. त्यानं माझा राग कमी झाला नाही. वाढला. मी तांब्याला हात मारला. तो ओसरीवर जाऊन पडला.

"हेच पाजलंस ना तिला?"

"इख हाय, गहिनी!"

"हेच पाजलंस? आख्खा दिवस?"

"मग काय करू! तुला इख चढतंय आन् तू—"

"मी हितंच बसतो," मी म्हणालो. "तू बी बस. मला काय व्हतंय ते बघ. दोघं मिळून बघू."

मी उरलेली भाकरी खाल्ली. एकेक घास चावून. ती समोर भिंतीला टेकून बसली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. ऊन उतरलं तसा मी गिरणीत गेलो, तीही मागं आली. गिरणीत ती कधी येत नसे, पिठानं तिला खोकला येतो. त्या दिवशी पोत्यावर बसून राहिली. मी इंजिन चालवलं, दळणं काढली, पोती हलवली. मी कपाळ पुसलं की ती उठायची. मी वाकलो की उठायची. कुणी बाई म्हणाली, "बायडाबाई, आज इकडं कशा?" तिनं माझ्यावरची नजर काढली नाही.

दिवे लागले. गिरणी बंद करून आम्ही घरात आलो. मी पाणी प्यालो, सकाळची भाकरी होती ती मीठ-तेल लावून खाल्ली. पोत्यामागं हात घालून पिल्लू शोधलं. भेदरून कोपऱ्यात बसलं होतं, शेपटीच्या जागी बारीक लाल ठिपका. त्याला बरणीत ठेवून नाकावर थेंब सोडला. चाटला.

"तुला काय व्हईना," आक्का म्हणाली.

"न्हाई."

"म्हंजी त्यात इख न्हाई."

"न्हाई."

"बारक्या पालीत नसंल. मोठीत आसंल."

मी तिच्याकडं नुसतं बघितलं. तिचा स्वतःचाही त्या बोलण्यावर विश्वास नव्हता. पदराचं टोक ती बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती.

"मंग तिला काय झालं हुतं?"

"रंगनाथच्या आईला झालं तेच. पाण्यानं झालं. अंगातलं पाणी जात हुतं, ते भरायला पायजे हुतं. तू काढत हुतीस."

हे वाक्य मी इतके दिवस तोंडात धरून ठेवलं होतं. कधीतरी ते बाहेर फेकायचं आणि तिचं तोंड बघायचं, असं मनात होतं. फेकलं. तोंड बघितलं. काही मिळालं नाही मला त्यात.

आक्कानं पदराचं टोक सोडून दिलं. मग म्हणाली, "ती पानी मागत हुती."

"काय?"

"साधं पानी. आक्का, नुसतं पानी द्या म्हनत हुती. हात जोडले तिनं. साध्या पान्यानं इख अंगभर पसरतंय म्हनत्यात, म्हनून म्या दिलं न्हाई. घागर भरल्याली हुती. म्या वरून झाकन घातलं, तिला दिसू नये म्हनून."

मला हे माहीत नव्हतं. मी उठलो. हाताला काय लागेल ते उचलून फेकावं असं झालं होतं, हाताला काही लागलं नाही. बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. घागर तिथंच उंबऱ्याशी होती, आणि तिला लाथ घालावी असं आलं, पण पाणी होतं त्यात. तेवढी अक्कल राहिली होती. विजयमाला कधी कुणापुढं हात जोडणारी नव्हती. माझ्याशी भांडली तरी कमरेवर हात ठेवून भांडायची.

आत आलो तेव्हा आक्का तशीच बसलेली. मी म्हणालो, "उद्या तू तुझ्या सासरी जा. दिराकडं ऱ्हा."

"जाते," ती म्हणाली.

सकाळी तिनं गाठोडं बांधलं. मी गिरणीत गेलो आणि बरणी सगळ्यांना दिसेल अशी फळीवर मधोमध ठेवली. ज्याला दळायचं त्यानं दळावं. टँकरची पाळी नव्हती म्हणून बायांची गर्दी होती. लंकाबाई पुढंच उभी.

"आगं बया, अजून हायेच का ही! आन् शेपूट कुठं गेलं हिचं?"

मी काही बोलायच्या आत दारात आक्का आली. काखेत गाठोडं. मी तिला बोलावलं नव्हतं. मला वाटलं निरोप घ्यायला आली.

"शेपूट गहिनीनं खाल्लं," आक्का म्हणाली. "काल दुपारी. आमटीत पडलं हुतं. म्या डोळ्यांनी बघितलं. त्याला काय झालं न्हाई."

कुणीतरी जमिनीवर बोट आपटलं.

"आमच्या विजयमालाला पालीनं न्हाई मारलं," आक्का म्हणाली.

"मंग कुनी मारलं बाई?" लंकाबाई म्हणाली.

"म्या."

लंकाबाईनं डबा खाली ठेवला आणि आक्काच्या दंडाला धरलं. "आसं बोलू न्हाई, बायडाबाई. दुखानं मानूस भरमतंय. तुमी केली एवढी सेवा आख्ख्या गावानं बघितलीया. पाल हुती ती, तिचा काय नेम. ही बारकी पडली, हिच्यात अजून इख भरलं नसंल. चला, बसा हितं, पानी प्या."

"मला पानी नको. माझं ऐका."

"ऐकलं की. बसा." आणि माझ्याकडं वळून, "चालू कर रं गहिनीनाथ, ऊन व्हतंय."

बाकीच्या बायांनी डबे पुढं सरकवले. एक म्हणाली, "भावानं हाकलली जनू, म्हनून डोस्कं फिरलंय." दुसरी हसली. आक्का मधे उभी राहून एकीकडून दुसरीकडं बघत होती. ती खरं सांगत होती, आणि ह्या बाया तिला गोड बोलून, पाठीवरून हात फिरवून, ते पुन्हा आत ढकलत होत्या. उद्या कुणाच्या घरात उलट्या लागतील, चुलीपाशी शेपूट सापडेल, आणि ह्याच बाया मिठाचं मडकं काढतील. काल रात्रीपर्यंत माझा सगळा राग एका माणसावर होता. आता तो तिथं मावेना.

मी इंजिनाचं हँडल घेतलं होतं ते कोपऱ्यात फेकलं. चाकावरचा पट्टा ओढून काढला आणि गळ्यात घातला.

"दळण बंद," मी म्हणालो.

"आता हे काय?" लंकाबाई म्हणाली.

"ती सांगती ते समदं ऐकायचं. शेवटपतोर. मधी कुनी बोलायचं न्हाई. मग पट्टा चढवीन."

"आन् न्हाई ऐकलं तर?"

"तर तिसगावला जा दळायला. चालत."

लंकाबाईनं इतरांकडं बघितलं. कुणी डबा उचलला नाही. आक्कानं गाठोडं खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली नाही, काही नाही. मला तिला धीर द्यायचा नव्हता. तिनं सांगायला पाहिजे होतं.

"तिला सकाळच्या पारी पयली उलटी झाली," आक्का म्हणाली. "तवा ती माझ्यापशी पानी मागत हुती..."